सुजाता सिस्टरची कार्डं

आमच्या दवाखान्यात बाळंतिणींच्या वॉर्डाला लागून एक खोली आहे. तिथे टेबलावर लहान मुलांची मच्छरदाणी असते. गुलाबी, छत्रीसारखी उघडणारी, एका बाजूला बदकाचं चित्र. तिच्याखाली आजवर एकही मूल झोपलेलं नाही. तिच्याखाली कागद झोपतात, आणि ते झोपलेले असताना कोणी दार आपटलं तर सुजाता सिस्टर धावत येतात. "कार्डं वाळून राह्यले, भाऊ. दार हळू लावत जा ना. धूळ उडते."

भाऊ म्हणजे मी, दवाखान्याचा लॅब टेक्निशियन. त्या खोलीत माझंही टेबल आहे, हे सिस्टर सोडून सगळ्यांना मान्य आहे.

प्रकार असा आहे. मूल जन्मून एक दिवस उलटला की त्याच्या टाचेला बारीक टोचून चार थेंब रक्त घ्यायचं, ते जाड कागदाच्या कार्डावरच्या चार गोलांत उतरवायचं, कार्ड वाळवायचं आणि शहरातल्या मोठ्या लॅबला धाडायचं. काही मुलं जन्मतःच एखादी उणीव घेऊन येतात. कोणाच्या अंगात एखादा रस कमी, कोणाला आईचं दूधसुद्धा सोसत नाही. वरून मूल गोरंगोमटं दिसतं, पण कार्ड खरं बोलतं. वेळेवर कळलं तर गोळीवर, पथ्यावर निभावतं. नाही कळलं तर मूल जन्मभर मागे राहतं. हे सगळं ट्रेनिंगमध्ये सगळ्याच नर्सबाईंनी ऐकलं. बाकीच्या जेवण करून घरी गेल्या. आमच्या सिस्टर येताना बाजारातून मच्छरदाणी घेऊन आल्या.

कार्ड सावलीत, आडवं, चार तास वाळलं पाहिजे. पंखा बंद. आदिलाबादच्या मे महिन्यात पंखा बंद करून चार तास बसणं म्हणजे काय, ते बसणाऱ्यालाच ठाऊक. मी एकदा हळूच बटण दाबलं. सिस्टरांनी ते तितक्याच हळूच बंद केलं. "तुमी घामानं मरत नाही, भाऊ. कार्ड मरते."

डॉक्टरमॅडम तेलुगू, स्वभावाने गरीब. एकदा एका कार्डावरचा शेवटचा गोल अर्धाच भरला. मॅडम म्हणाल्या, "पर्वालेदु सिस्टर, चलेगा." सिस्टर म्हणाल्या, "मेडम, कागदाले पर्वालेदु समजत नाही," आणि नवं कार्ड घेतलं. मॅडम तेव्हापासून त्या खोलीत येताना चपला बाहेर काढतात.

बाळांशी मात्र सिस्टर फार अदबीने बोलतात. आधी कोमट ओल्या फडक्याने टाच शेकायची, आणि शेकता शेकता बोलणं. "या सायेब. चार थेंबाचं काम हाय, मंग तुमी मोकळे." मुलगी असली तर "मेडम." आज्यांना हे टोचणं अजिबात पटत नाही. कालचं लेकरू, त्याचं रगत काऊन काढता, म्हणून एक आजी आडवीच पडली दारात. सिस्टर तिच्याशेजारी फतकल मारून बसल्या. "आजी, मच्छर याच्याहून जास्त पेते, अन् रिपोट बी देत नाही." आजी हसली आणि बाजूला झाली.

घरी जायची घाई असलेल्या बापांना त्या जुमानत नाहीत. एकाने चोवीस तास व्हायच्या आधीच ऑटो बोलावला. सिस्टर बाहेर गेल्या, ऑटोवाल्याला आपला डबा जेवायला दिला आणि त्याची चावी ॲप्रनच्या खिशात टाकली. बाप चिडला, सरपंचाचं नाव घेतलं. "सरपंचाले बी बलवा," सिस्टर म्हणाल्या. "थे जेवले नसन तर अजून एक पोळी हाय." दुसऱ्या दिवशी टाच टोचल्यावर चावी परत मिळाली.

अशी ही बाई चुकेल, असं मला कधी वाटलं नव्हतं. पण चुकली.

मागच्या हिवाळ्यात लॅबचा फोन आला. वंदना नावाच्या बाईच्या मुलीचा रिपोर्ट वाईट आला होता, थायरॉइड फार कमी. मॅडमनी सांगितलं की मुलीला आजच्या आज आणा. फेरतपासणी करून लगेच गोळी सुरू करू. जितके दिवस जातील तितकं मुलीच्या डोक्याचं नुकसान. कार्डावर भावाचा नंबर होता, तो बंद. पत्ता माहेरचा. मी मोटारसायकल काढली, सिस्टर मागे बसल्या. माहेरच्या दाराला कुलूप. शेजारीण म्हणाली, घरचे सगळे दूर कापूस वेचायला गेले, पोरीला बारशाला सासरी नेलं. सासर कुठलं? पैनगंगेच्या काठचं, भीमपूरकडचं एक गाव.

त्या गावात वंदना कोणालाच माहीत नव्हती. पारावरच्या म्हाताऱ्यांना नाही, दुकानदाराला नाही. तेव्हा सिस्टरांच्या लक्षात आलं, आणि त्यांनी कपाळावर हात मारला. आपल्याकडे लग्नात मुलीचं नाव बदलतात. पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणून कार्डावर माहेरचं नाव, माहेरचा पत्ता, भावाचा फोन. सासरचं नाव सिस्टरांनी विचारलंच नव्हतं. "माही चूक हाय, भाऊ," त्या म्हणाल्या. "मी गोल पाहत राह्यलो, पोरीले इचारलंच नाही."

मी म्हणालो, आता परत जाऊ, गावच्या आशाताईंकडून बाळंतिणींची यादी मागवू. सिस्टर ऐकेनात. त्या सरळ पाण्याच्या टाकीवर गेल्या. तिथे बाया हंडे भरत होत्या.

"बाई, गावात असं कोणाचं तान्हं लेकरू हाय काय, जे रडतच नाही?"

बाया एकमेकींकडे बघू लागल्या. एक म्हणाली, "हाय ना. मारुतीच्या देवळामांगचं घर. लय गुणाची पोर. उठवून पाजा लागते."

थायरॉइड कमी असलेलं मूल सुस्त असतं, झोपून राहतं. लोक त्यालाच गुणी म्हणतात. सिस्टर इतक्या वेगाने निघाल्या की मला मागून पळावं लागलं.

सासूने दार उघडलं. सिस्टरांनी आत बघून हाक मारली, "वंदना." आतून बारीक आवाजात "जी" आलं. मुलगी सापडली.

पण खरं संकट पुढेच होतं. रोज गोळी द्यावी लागेल, बहुतेक जन्मभर, हे ऐकलं आणि सासूचा चेहरा बदलला. "म्हंजे खोट हाय पोरीत. मायकडूनच आली असन. घेऊन जा दोघीले, अन् तिच्या मायच्या घरी ठेवा." वंदना मुलीला छातीशी धरून भिंतीला टेकली. माहेरच्या दाराला कुलूप आहे, हे तिलाही ठाऊक असावं. तिकडे दोघी राहणार कुठे, आणि गोळी आणून देणार कोण?

मला वाटलं, आता सिस्टर भांडतील. त्या ओसरीवर बसल्या.

"मले बी धाडलं होतं परत," त्या म्हणाल्या. "दोन वर्सांत लेकरू झालं नाही म्हणून. डाक्टरले कोणी इचारलं नाही, खोट कोणाची थे कोणी पाह्यलं नाही. माय गेली, मंग भाऊ वेगळे झाले. सन आला का मी ड्युटी मागून घेतो. घरी कोणासाठी सैपाक करू? हिले तसं नका करू, मावशी. इथं रोगाले गोळी तरी हाय."

मी त्यांच्याबरोबर अकरा वर्षं काम करतो. सणाची ड्युटी त्या हौसेने घेतात, असं मी सगळ्यांना सांगत आलो होतो. मला माझीच लाज वाटली.

सासू आत गेली. मग तिने चादर घेतली, मुलीला वंदनाकडून आपल्या हातात घेतलं आणि विचारलं, "ऑटो भेटन काय इथून?"

गोळी त्याच दिवशी सुरू झाली. कुटून, आईच्या दुधात कालवून, चमच्याने, रोज सकाळी उपाशीपोटी. सिस्टर रोज आठला फोन करून विचारायच्या, दिली काय. दुसऱ्या महिन्यातल्या एका सकाळी त्यांनी फोन उचलायच्या आधी तोच वाजला. सासूचा आवाज इतका खणखणीत की माझ्या टेबलापर्यंत ऐकू आला.

"दिली वो बाई गोळी. आता लय रडते पोट्टी, घर डोक्यावर घेते. तुमी चहा पेल्या काय?"

सिस्टर खुर्चीवर टेकल्या. म्हणाल्या, "नाही पेली अजून."

"मंग घ्या. मी बी घेऊन राह्यलो. फोन ठेवू नका."

सिस्टरांनी फोन कानाशी तसाच धरून माझ्या थर्मासकडे बोट दाखवलं. मी कप भरून त्यांच्यापुढे ठेवला आणि बाहेर जाताना दार हळू लावलं.