चौथा पाय

“तीन पाय गुणाचे, चौथा अवखळ...”

आजोबा खुर्चीचा चौथा पाय मापायला घेत, तेव्हा ही ओळ त्यांच्या ओठांवर येई. भुशाचा वास, रंध्याची सरसर आणि त्यात मुरलेला तो जाडाभरडा गळा. दुसरी ओळ येणार म्हणून नातू कान टवकारून बसायचा, आणि नेमका तेव्हाच आजोबांना खोकला तरी यायचा, नाहीतर हरवलेला खिळा तरी आठवायचा. आजोबा गेले, दुसरी ओळही त्यांच्याबरोबर गेली. नातू मोठा होऊन त्याच दुकानात, त्याच पाटावर बसून खुर्च्या करू लागला. गल्ली त्याला खुर्चीवाला म्हणू लागली. चौथा पाय मापताना तोही ती ओळ गुणगुणे, आणि जिथे आजोबा खोकत तिथे, घराण्याची रीत म्हणून, थोडा खोके.

घराण्याची दुसरी रीत पट्टीची. काळ्या लाकडाची ती जुनी पट्टी, एका टोकाला पितळेचं टोपण आणि मध्यावर एक खाच. तीन पाय लाकडी टोकापासून खाचेपर्यंत मापायचे. चौथ्याला मात्र पट्टी उलटी फिरवून पितळी टोकापासून मापायचं. का, ते कुणी विचारलं नव्हतं. देवाला उजव्या हातानंच का, असं कोण विचारतं? गिऱ्हाईक अधूनमधून खुर्ची घेऊन परत येत, हलते म्हणत. खुर्चीवाला प्रेमानं समजावी, “खुर्ची नाही हो हलत, तुमची फरशी लाजते.” मग चार गप्पा होत, पायाला चार हात रंधा लागे, आणि गिऱ्हाईक हसत घरी जाई. दुकानावर पाटीच होती: ‘एकदा याल, परत याल.’

अशा सुखी दुकानावर एके दिवशी नोटीस लागली. गल्ली रुंद होणार होती. दोन्ही बाजूंची दुकानं सार्वजनिक हितासाठी जमीनदोस्त होणार होती; अपवाद फक्त ‘वारसा-दुकानां’चा. मूळ पुरुष एकोणिसाव्या शतकातला कारागीर होता, आणि ‘निर्दोष’ होता, हे सरकारी दप्तरातून सिद्ध करणाऱ्याचं दुकान राहणार, बाकीच्यांवर रस्ता जाणार.

त्या आठवड्यात गल्लीत पूर्वजांचं पीक आलं. कालपर्यंत बापाचं नाव घेताना कपाळाला आठ्या घालणारी माणसं सात पिढ्यांच्या गोष्टी सांगू लागली. कोपऱ्यावर एका वंशशोधकानं टेबल मांडलं. तो आधी गिऱ्हाइकाचा चेहरा निरखी आणि मग विचारी, “मिशा कशा हव्यात? आकडेबाज की झुपकेदार?” शिंप्याला राजाचे अंगरखे शिवणारा पूर्वज मिळाला. न्हाव्याला त्याच राजाची दाढी करणारा मिळाला. छत्रीवाल्याच्या वाट्याला राजा उरला नाही, तेव्हा त्यानं राजावर पडणाऱ्या पावसाची हकिकत जोडली.

“तूही घेऊन टाक एखादा,” शिंपी म्हणाला. “झुपकेदार स्वस्त आहेत.”

“माझा खरा आहे,” खुर्चीवाला म्हणाला. “खापरपणजोबा. त्यांचं नाव दप्तरात असणारच.”

मागच्या खोलीत वेताची जाळी विणत बसलेली त्याची आत्या हे ऐकून दचकली. “दप्तरात कशाला खुपसतोस नाक?” ती म्हणाली. “मेलेल्या माणसाला बसू दे की स्वस्थ.”

“अगं, दुकान जाईल!”

आत्यानं तोंड उघडलं, मग वेताची पट्टी दातात धरली आणि पुन्हा विणू लागली.

दप्तरखाना म्हणजे उंच खिडक्यांची, थंडगार, धुळीला पगारी नोकरी असल्यासारखी इमारत. अभिलेखपाल मोठ्या टेबलामागे बसले होते. त्यांनी अर्ज वाचला.

“पूर्वज स्वतः का आले नाहीत?”

“ते वारले, साहेब.”

“कधी?”

“तेच शोधायला आलोय.”

“म्हणजे नक्की ठाऊक नाही.” साहेबांनी समासात लिहिलं: ‘पूर्वज बहुधा अनुपस्थित.’ मग ते सौम्यपणे म्हणाले, “हे पाहा, ज्यानं काम नीट केलं अशा कारागिराची नोंद ठेवायची पद्धत आपल्याकडे कधीच नव्हती. नोंद होते ती तक्रारीची. तुमच्या खापरपणजोबांविरुद्ध कुणी तक्रार केली असली, तरच ते होते असं म्हणता येईल.”

“त्यांच्याविरुद्ध कोण करणार तक्रार? अख्खं घराणं मजबुतीबद्दल...”

तोवर शिपायानं दप्तरं आणली होती. तो दोनदा गेला, तिसऱ्यांदा हातगाडी घेऊन आला.

खापरपणजोबा होते. भरपूर होते. न्यायाधीश तक्रार करत होते, की खुर्ची निकालाच्या वेळी डावीकडे कलते, त्यामुळे डावीकडचे वकील वारंवार जिंकतात. मुख्याध्यापक लिहीत होते, की आसन डुगडुगते व वर्ग हसतो. एका म्हाताऱ्या गृहस्थांनी लिहिलं होतं, ‘खुर्ची हलते. कारागीर मात्र बोलका आहे. पुढच्या आठवड्यात पुन्हा तक्रार करीन.’ प्रत्येक तक्रारीखाली एकच शेरा: ‘दुरुस्त करून दिले. समाधान झाले.’

खुर्चीवाल्याचा चेहरा पानागणिक उतरत गेला. पण वाचल्यावाचून राहवेना, कारण एक अख्खा माणूस त्या पानांतून उठून समोर बसत होता. कुणी मेणबत्तीवाला स्टूल घेऊन आला होता, सोबत मुलगी. पुढच्या वेळी स्टूल घेऊन मुलगी एकटीच आली. त्याच्या पुढच्या वेळी मुलगी आली, पण स्टूल आणलं नव्हतं. लेखनिकानं नोंदवलं होतं, ‘तक्रारीचे स्वरूप अस्पष्ट.’ त्यानंतर त्या मुलीची तक्रार कुठेच नव्हती. वर्षभरानं शेजाऱ्याची मात्र होती: कारागिराच्या घरातला पाळणा सारखा डोलतो. शेरा: ‘पाळण्याबाबत ही तक्रार ग्राह्य धरता येत नाही.’

“खापरपणजी,” खुर्चीवाला पुटपुटला, आणि त्यानं बाहीनं डोळे पुसले. धूळ फार होती.

शेवटची तक्रार पानाच्या तळाशी सुरू होत होती. ‘पुढील पानावर पाहा.’ पुढलं पान नव्हतं.

“ते पान मिळेपर्यंत निर्दोष म्हणता येणार नाही,” साहेबांनी सांगितलं आणि शिक्का उचलून दाणकन मारला. टेबल टुक असं वाजून एका अंगाला झुकलं.

हलतं लाकूड दिसलं की सुताराची मान आपोआप खाली जाते. खुर्चीवाला वाकला. टेबलाच्या पोटाला एक चिमणी कोरलेली होती. अशीच चिमणी त्याच्या दुकानातल्या प्रत्येक खुर्चीच्या पोटाला होती. आणि चौथ्या पायाखाली घडी घातलेला एक पिवळा कागद होता.

“सापडलं!”

“हात लावू नका!” साहेब उभे राहिले. “तो कागद नाही. ते फर्निचर आहे.”

जंगम मालमत्तेत ‘पाचर, कागदी, नग एक’ अशी तिची रीतसर नोंद होती. खुर्चीवाला फर्निचर विभागात गेला. तिथे सांगण्यात आलं की कागद म्हटला की तो अभिलेख. फर्निचर विभाग अक्षरांना हात लावत नाही. शिवाय पाचरीवर एक पदही मंजूर होतं. पाचर-निरीक्षक दर सोमवारी येत, टेबलावर अंगठा दाबत, “आहे” म्हणत आणि जात. त्यांच्या वडिलांनीही हेच केलं होतं.

“मी पाय नीट करून देतो ना!” खुर्चीवाला हात जोडून म्हणाला. “मग पाचर लागणारच नाही.”

निरीक्षकांचा चेहरा पांढरा पडला. “आणि मी काय करू?”

पाचर-विमोचन समिती स्थापन झाली. ती त्याच टेबलाभोवती बसली, त्यामुळे चहा सांडत राहिला आणि इतिवृत्तं पुन्हा पुन्हा लिहावी लागली. अखेर ठरलं, की तितक्याच जाडीचा दुसरा कागदी पदार्थ पायाखाली ठेवल्यास मूळ पाचर वाचनापुरती काढता येईल. हाताशी खुर्चीवाल्याचा अर्ज होता. सर्व जोडपत्रांसह त्याच्या घड्या घातल्या आणि तो पायाखाली सारला. टेबल गप्प झालं.

“इतका चपखल अर्ज माझ्या कारकिर्दीत आला नव्हता,” अभिलेखपाल भारावून म्हणाले.

पिवळं पान उलगडलं. शेवटची तक्रार दप्तरखान्याचीच होती. ‘नवे टेबल डुगडुगते. कारागीर हत्यारांसह हजर. परंतु हत्यारांसह प्रवेशाची परवानगी प्रलंबित. सबब तक्रार निकाली नाही. तूर्त हेच पान घडी करून पायाखाली लावावे.’

“म्हणजे तक्रार अजून उघडी आहे,” साहेब हळहळले. “दोष शिल्लक आहे.”

“मी दुरुस्त केलं तर?”

“वारसाची दुरुस्ती पूर्वजाच्या नावे जमा होते. तसा नियम आहे.”

“आणि हत्यारांची परवानगी?”

“ती मागच्या पिढीत आली. कळवायचं राहिलं.”

संध्याकाळी खुर्चीवाला हत्यारं गोळा करत होता. “आत्या,” तो म्हणाला, “आपल्या खापरपणजोबांना एक पाय धड करता येत नव्हता गं. सगळी हयात गावाची बोलणी खाल्ली त्यांनी. मी मात्र फरशीला नावं ठेवत बसलो.”

आत्याचा हात थांबला. ओठ हलले. मग ती उठली, खुंटीवरची पट्टी काढून तिनं त्याच्या हातात दिली. “घरच्याच पट्टीनं माप. दुसऱ्या कशानं मापलंस तर माझ्याशी बोलू नकोस.”

दुसऱ्या दिवशी सगळा दप्तरखाना टेबलाभोवती जमला. खुर्चीवाल्यानं जुना पाय काढला, नवा घेतला, पट्टी उलटी फिरवली, अर्धी ओळ गुणगुणला, खोकला. कापलं, तासलं, जोडलं. इतकं जीव ओतून काम त्यानं आजवर केलं नव्हतं. त्या एका पायावर अख्खं दुकान उभं होतं.

अभिलेखपालांनी टेबलावर हात टेकवला.

टुक.

खुर्चीवाल्यानं डोळे मिटले. दुकान, पाट, खुंटी, आत्याचा खिडकीतला कोपरा, सगळ्यावरून रस्ता गेलेला त्याला दिसला.

“हललं!” पाचर-निरीक्षक किंचाळले, आणि त्यांनी शिपायाला मिठी मारली. “अगदी तस्संच हललं!”

अभिलेखपालांनी पुन्हा हात टेकवून पाहिलं. त्यांचे डोळे ओलावले. “पायही नवा, लाकूडही नवं, आणि डुगडुग मात्र जुनी! ही दुसऱ्या कुणाला जमणार नाही. रक्तात असावी लागते.” त्यांनी शेरा लिहिला: ‘टेबल मूळ स्वरूपात जतन. वंश सिद्ध. समाधान झाले.’ मग थोडा विचार करून त्यांनी पुढे जोडलं: ‘टेबल वारंवार तपासावे लागेल, सबब कारागीर जवळच असावा. टेबल हलेल; दुकान हलणार नाही.’

निरीक्षकांनी वाकून अर्ज पुन्हा पायाखाली सारला आणि अंगठा दाबला. “आहे.”

रस्ता झाला. तो सरळ येतो, खुर्चीच्या दुकानाशी आदरानं वळसा घेतो आणि पुन्हा सरळ जातो. शिंपी, न्हावी आणि छत्रीवाला यांचीही दुकानं वाचली. त्यांच्या राजाविरुद्ध कुणाचीही तक्रार सापडली नाही, त्यामुळे तो निर्दोष ठरला.

वारशाची पितळी पाटी दारावर ठोकून खुर्चीवाला आत आला. “पाटी मिळाली, आत्या. पण मला खरं काहीच कळलं नाही. मी बरोबर मापलं होतं. घरच्या पट्टीनं, घरच्या रीतीनं.”

आत्यानं त्याच्याकडे मान वळवली. तिच्या सुरकुत्यांमधून हसू हळूहळू वर आलं, विहिरीतून बादली यावी तसं.

“खाच मध्यावर नाहीये, बाळा,” ती म्हणाली.

“काय?”

“केसभर पितळेकडे सरकलेली आहे. कधीच मध्यावर नव्हती. तुझ्या आजोबांनी मला शपथ घातली होती, पोराला सांगू नकोस म्हणून. भोळा आहे म्हणाले, ठाऊक झालं तर त्याचा हात थरथरेल.” मग तिनं वेत बाजूला ठेवला आणि त्याच जाडाभरड्या चालीत, न खोकता, गायली:

“तीन पाय गुणाचे, चौथा अवखळ,
अवखळाच्या पायी घराला बळ.”

खुर्चीवाला मटकन बसला. खुर्ची टुक वाजली. “म्हणजे आपण पिढ्यान्‌पिढ्या लोकांना फसवत आलो?”

“फसवत?” आत्या म्हणाली. “खापरपणजी स्टूल न आणता आली म्हणालास ना, ती काय फसून? अरे, गिऱ्हाइकाला सगळं ठाऊक असतं. एकदाच नीट झालं तर परत यायचं कुणाकडे, आणि कुरकुर करायची कशाची? घडी सारतात पायाखाली, आणि म्हणतात, चाललंय की! कचेरीचं तसं, घराचं तसं. आता तू ही गोष्ट गावभर सांगशील, आणि ऐकणारे खदाखदा हसतील. हसू दे. फक्त एवढं म्हण त्यांना, की हसून झालं की जिथं बसला आहात तिथंच जरा खाली वाकून बघा, आपल्या चौथ्या पायाखाली काय सारलंय ते.”