धाकट्या बाईसाहेब आणि उचलगाडी यांचे तीन कोसांचे युद्ध

॥ श्री ॥

जो निजल्यास पहाटे जागवितो, दमल्यास श्वास देतो आणि जड झालेल्या पायांत पुन्हा वारे भरतो, त्या वायुपुत्राचे स्मरण करून, शके एकोणीसशे शेहेचाळीस, क्रोधीनाम संवत्सरी, पौष मासी, आदितवारी तळ्याकाठी जे युद्ध जाहले त्याचे वर्तमान लिहितो. वडिलांनी चित्त देऊन ऐकावे आणि मुलांनी मोबाईल खाली ठेवून ऐकावे. एक राज्य होते. त्याचे नाव लिहिण्याची आज्ञा नाही, परंतु तीन इमारती, दोन लोखंडी दरवाजे, एक पाण्याची टाकी आणि तिजखाली दाटीने उभ्या मोटारी, ऐसा मुलूख. रयत सुखी, आणि सुखानेच पोटे पुढे आलेली, गुडघे कुरकुरू लागलेले, लिफ्ट बंद पडली म्हणजे दुसऱ्या मजल्यास जाताना मधल्या पायरीवर मुक्काम करावा ऐसा प्रकार. तेव्हां नजीरमास्तर मुजावर, शाळेत कवायत शिकविण्यात हयात घालवून निवृत्त जाहलेले, यांनी गणपतीच्या मांडवात उभे राहून मसलत मांडिली जे, पौषात शहरी तळ्याभोवती तीन कोसांची शर्यत होते, जे उभ्या जन्मात बस पकडण्यापलीकडे धावले नाहीत त्यांची फौज बांधावी आणि त्या शर्यतीत घालावी. रयत हसली आणि म्हणाली, "मास्तर, आम्हाला कुठलं पळायला येतंय?" मास्तर बोलिले, "पळायला सगळ्यांना येतंय. तुम्ही ईर्ष्येनं पळताय म्हणून दमताय. माझा एकच नियम, बोलत पळायचं. बोलणं तुटलं की वेग कमी करायचा."

हा नियम राज्यास फारच मानवला. बोलणे ही या रयतेची उपजत विद्या. दुसरी कोणतीही फौज दिसते आणि मग ऐकू येते, आमची फौज आधी ऐकू येई आणि मग पुष्कळ वेळाने दिसे. पहाटेस दरवाजातून कूच होई, कोणाच्या सुनेचे डोहाळे, कोणाच्या नळास पाणी नाही, कोणाचे लग्न मोडले ते का मोडले, सर्व राजकारण धावता धावता होई, आणि रस्त्यावरची कुत्री प्रथम भुंकली, मग त्यांसही गोडी लागली आणि कान टवकारून बरोबर चालू लागली. मास्तर कपाळास हात लावीत, पण फौज वाढत गेली, आणि ज्यांस टाकीपर्यंत जाताना दम लागे ते महिन्याभरात एक कोस बोलत जाऊन बोलत येऊ लागले.

त्या फौजेत धामणकरांच्या घरच्या दोघी जावा होत्या. थोरल्या प्रमिलाबाई, मोठ्या करारी, आवाज ऐसा की तिसऱ्या इमारतीतले दूध उतू जाणे थांबावे. धाकट्या रत्नमालाबाई, अंगाने स्थूल, स्वभावाने गरीब, आणि त्यांस एक बट्टा लागलेला होता जो कोणताही साबण काढू शकेना. तो ऐसा जे, हातचे काम अर्ध्यात सोडणारी बाई. शिवण शिकावयास गेल्या, तो ब्लाउज बाहीविना राहिला. पेटी शिकावयास गेल्या, तो भूप आरोहापर्यंत आला, वर चढणे जाहले आणि खाली उतरणे राहिले. मोटार शिकल्या ती पुढे नेण्यापुरती, मागे घेणे शिकण्याचे आधीच क्लास सुटला. घरात, दारात, हळदीकुंकवात जो तो म्हणे, "धाकटीचं काम म्हणजे अर्ध्यात," आणि सगळी हसत, आणि रत्नमालाबाईही हसत, परंतु मग ओट्यापाशी एकट्या असता हसत नसत. ज्या दिवशी मांडवात शर्यतीची नावे घेतली त्या दिवशी थोरल्या बाई सर्वांदेखत बोलिल्या, "मास्तर, धाकटीचं नाव पेन्सिलीनं लिहा हो, खोडायला बरं." सगळा मांडव हसला. रत्नमालाबाईंनी मास्तरांचे खिशातील पेन उपसले आणि आपले नाव आपणच लिहिले, ऐसे दाबून की मागच्या दोन पानांवर उमटले.

मग मास्तरांनी शत्रूची माहिती दिली. शर्यतीत सर्वांचे मागून एक पिवळी मिनीबस येते, ठरल्या वेगाने येते, आणि जो तिच्या मागे पडेल त्यास उचलून आत घालते आणि शर्यत जेथे सरते त्या दरवाजापाशी नेऊन सोडते, त्यास पदक नाही, टाळ्या नाहीत, केळे मात्र मिळते. राज्यात तिचे नाव उचलगाडी पडले आणि लेकरे जेवेनात तर आया तिचे भय घालू लागल्या. रत्नमालाबाईंनी ते ऐकोन इतकेच म्हटले, "रांगत येईन, पण त्या गाडीत चढणार नाही." थोरल्या बाई म्हणाल्या, "बघू." त्या एका शब्दाने धाकट्या बाईंचे अंगी जे बळ आले ते शंभर बदामांनी आले नसते. पायांस गोळे आले, त्यांनी तेल लाविले. घरी पाहुणे आले, त्यांनी पहाटेच कणीक भिजवून ठेविली आणि निघाल्या. थंडी ऐशी पडली की एके दिवशी फौज सगळी पांघरुणात फितूर जाहली, आणि टाकीखाली मास्तर आणि रत्नमालाबाई दोघेच. मास्तर म्हणाले, "आज राहू दे, बाई." बाई म्हणाल्या, "मास्तर, मला राहू दे म्हणू नका, माझं लगेच राहतंय." मास्तर कानटोपी नीट करून चालू लागले.

मग पौषातला तो आदितवार उगवला. तळ्याकाठी धुके, भोंगे, ढोल, मुलूख मुलूख लोटलेला. शेजारच्या राज्याची फौज नारिंगी सदरे घालून आलेली, एकसारखे बूट, एकसारख्या टोप्या, आणि त्यांतील एक बाई आमचेकडे पाहून हळूच म्हणाली, "हे काय, भजनी मंडळ आहे का?" ते थोरल्या बाईंनी ऐकिले, आणि तेथेच घात जाहला. तोफ जाहली तैसा त्यांनी त्या नारिंगी सदऱ्यांचा पाठलाग धरिला, आणि मास्तरांचा नियम मोडून तोंड मिटून धावू लागल्या. प्रमिलाबाई गप्प आहेत हे पाहोन फौजेच्या काळजात धस्स जाहले. धाकट्या बाई मागे, सर्वांचे मागे, आपल्या चालीने बोलत बोलत येत होत्या. या लेखकाने पुढील सर्व वृत्तांत उचलगाडीच्या पहिल्या खिडकीतून डोळ्यांनी पाहिला. लेखक त्या गाडीत इतक्या लवकर कैसा पोहोचला हे लिहिण्याचे प्रयोजन नाही.

दोन कोस जाहले, तेथे पुलाचे कठड्यावर थोरल्या बाई बसलेल्या, पोटरीत गोळा आलेला, तोंड पांढरे, नारिंगी सदरे केव्हाच दिसेनासे जाहलेले. रत्नमालाबाई तेथे आल्या आणि थांबल्या आणि खाली बसून त्यांची पोटरी चोळू लागल्या. मागे उचलगाडी वळणावर आलेली. थोरल्या बाई म्हणाल्या, "का थांबलीस?" धाकट्या म्हणाल्या, "अक्का, तुम्हाला असं टाकून कशी जाऊ?" थोरल्या म्हणाल्या, "पायानं जा." तरी धाकट्या उठेनात. तेव्हां प्रमिलाबाईंनी त्यांचा हात आपल्या पायावरून काढिला आणि ज्या आवाजाने दूध उतू जाणे थांबे तो आवाज एकदम उतरला, आणि त्या बोलिल्या, "रत्ना, माझ्या बाळंतपणात तू शिवण सोडलंस. सासूबाईंच्या गुडघ्याच्या ऑपरेशनात पेटी सोडलीस. आमच्या बंड्याची दहावी आली, त्याचे डबे करायला गाडी सोडलीस. तू काही अर्ध्यात सोडलं नाहीस गं, आम्हीच दर वेळी हाक मारली. आणि वर हसलो. आज मी हाक मारत नाही. ऊठ. आता थांबलीस तर घरात पाऊल ठेवू देणार नाही." रत्नमालाबाईंनी आपली पाण्याची बाटली जावेच्या हाती दिली, पदर असता तर खोचला असता, तो नव्हता म्हणून सदराच खाली ओढिला, आणि निघाल्या.

मग उचलगाडी पुलाशी आली आणि दोघा शिपायांनी प्रमिलाबाईंस आधार देऊन आत घेतले. गाडीत कैद जाहलेले बहुत, काही आमचे, काही परके, आणि एक नारिंगी सदराही मागील बाकावर मान खाली घालून बसलेला. थोरल्या बाई बाकावर न बसता ड्रायव्हरपाशी दांडा धरून उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "ओ दादा, जरा दमानं घ्या की. पुढं माझी जाऊ आहे." ड्रायव्हर बोलिला, "बाई, मला दमानं घेता येत नाही आणि जोरातबी नाही. साहेबांनी वेग ठरवून दिलाय, मी त्यो सोडलेला नाही. त्या आपल्या पायानं पुढं हायत." हे ऐकोन गाडीतले सगळे काचेस नाक लावून पाहू लागले. पुढे रस्त्यावर एकट्या रत्नमालाबाई. फौज पुढे गेलेली, जोडीस कोणी नाही, आणि मास्तरांचा नियम तर बोलण्याचा. मग त्यांनी काय केले म्हणाल, तर घरच्या कांदालसूण मसाल्याचा पाठ मोठ्याने म्हणावयास आरंभ केला. पायाखाली पाऊल पडे आणि तोंडी जिन्नस येई. "धने. तीळ. सुकं खोबरं." गाडी जवळ आली, अधिक जवळ आली, इतकी की तिचे टपाची सावली बाईंच्या टाचेस लागली, आणि बाईंचा आवाज ओढू लागला, आणि त्या खोबऱ्यापाशीच अडकल्या. तेव्हां प्रमिलाबाईंनी खिडकीतून अर्धे अंग बाहेर काढून गर्जना केली, "लवंग!" बाई म्हणाल्या, "लवंग." गाडी एकमुखाने ओरडली, "दालचिनी!" बाई म्हणाल्या, "दालचिनी," आणि पाऊल उचलले. मग दगडफूल जाहले, मग नागकेशर जाहले, नारिंगी सदरा उठोन उभा राहिला आणि "तमालपत्र!" म्हणून ओरडला, थोरल्या बाई किंचाळल्या, "जायपत्री विसरलीस, रत्ना, जायपत्री!" आणि ड्रायव्हर समोरची नजर न काढता म्हणाला, "आमची कारभारीण हिंगबी घालती." हर हर महादेव म्हणत धावणाऱ्या फौजा इतिहासाने पुष्कळ पाहिल्या असतील, परंतु जायपत्री म्हणत गेलेली ही पहिलीच, आणि तीत आम्ही होतो याचा आम्हास अभिमान वाटतो तो लपवीत नाही. टाचेवरची सावली सुटली. एक हात सुटली, दोन हात सुटली, आणि ड्रायव्हरने वेग सोडिला नव्हता, हे त्याने शपथेवर सांगितले आहे.

दरवाजा दिसू लागला. तेथे आमची बाकीची फौज आधी पोहोचून उभी होती, आणि ढोलवाला ढोल बांधून चाललेला, त्यास त्यांनी धरून ठेविला. रत्नमालाबाई दरवाजातून पार जाहल्या, मागे उचलगाडी पार जाहली, ढोल वाजला, सगळे नाचू लागले, आणि मग ध्यानी आले की बाई थांबल्याच नाहीत. पदकाचे टेबल मागे पडले, केळ्यांच्या पाट्या मागे पडल्या, शहाळेवाला बाजूस जाहला, बाई डोळे मिटून लसणापाशी पोहोचलेल्या आणि धावतच होत्या. नजीरमास्तर साठी उलटलेले, परंतु त्या दिवशी मागून असे धावले की पुष्कळ वर्षांत धावले नसतील, आणि समोर जाऊन दोन्ही हात आडवे करून म्हणाले, "बाई, थांबा! झालं!" बाई म्हणाल्या, "सगळं?" मास्तर म्हणाले, "सगळं. पुरं झालं." तेव्हां रत्नमालाबाई तेथेच रस्त्यात बसल्या आणि मोठ्याने रडल्या, आणि थोरल्या बाई लंगडत आल्या, शेजारी बसल्या, आणि शेजारच्या राज्याचा जो जो मनुष्य जवळून जाई त्यास बोलावून बोलावून सांगू लागल्या, "ही आमची धाकटी. आमच्या घरची. बघून घ्या."

येणेप्रमाणे युद्ध जाहले ते जैसे पाहिले तैसे लिहिले, पदरचे घातले नाही, पुलावरचे बोलणे आणि लसूण तेवढा बाईंनी नंतर सांगितला. शर्यतीच्या यादीत धाकट्या बाईसाहेबांचा क्रमांक सर्वांत शेवटचा लागला, तो आकडा आम्ही मोठ्या अक्षरांत रंगवून राज्याचे दरवाजावर लाविला आहे. येणारेजाणारे विचारतात, शेवटच्याचे एवढे काय कौतुक, त्यांचे मागे तर कोणीच नव्हते. त्यांस राज्य उत्तर देते, होते की. आम्ही होतो.