कांडी लागेपर्यंत

केवळरामभाऊंनी मला खोली भाड्याने दिली तेव्हा कागद केला नाही. कुंडी आणली, तिच्यात जास्वंदीची कांडी खोचली आणि म्हणाले, "हे लागेपर्यंत राहा. मुळ्या सुटल्या का कांडीले अन् माणसाले मोठी जागा पाहा लागते."

मी सांगोल्याकडचा, आठवीतून शाळा सोडलेला. मोहाडीत राइस मिलमध्ये पोती शिवतो. एकट्या परक्या माणसाला खोली कुणी देत नव्हतं. भाऊंनी नावसुद्धा न विचारता दिली. आता ही सुटली तर जायचं कुठे? म्हणून ती कांडी लागू नये असं मी रोज देवाला सांगायचो, आणि लगेच कांडीची माफी मागायचो.

भाऊंच्या अंगणात पाय ठेवायला जागा नाही. तेलाचे डबे, फुटके मग, एक जुनं हेल्मेट. सगळ्यांत वैनगंगेची वाळू आणि सगळ्यांत कांड्या. चाकूने कांडीच्या डोळ्याखाली तिरपा काप, त्याला कोरफडीचा गर, की झालं. त्या चाकूने मी एकदा कांदा चिरला, तर दोन दिवस बोलणी खाल्ली. कांड्यांजवळ मोठ्याने बोलायचीही बंदी. "हळू बोल. त्यायले विचार करू दे."

स्वयंपाक मात्र ते दोघांचा करतात. "एकट्याचा अंदाज मले येत नाही," म्हणतात, आणि ताट माझ्याकडे सरकवतात.

दर रविवारी आंघोळ करून भाऊ माझ्या कुंडीपुढे उकिडवे बसायचे. चष्मा लावून, दोन बोटांत कांडी धरून तिची नाडी बघायचे. ठोके माझे वाढायचे.

"नाही पकडलं अजून. राहा."

असे पाच महिने गेले. शेजारच्या पुस्तकलाबाई कुंपणावरून टोचायच्या, "काहून रे, भाऊनं झाडूची काडी लावली तरी पालवते. तुयाच कुंडीले काय झालं?"

"हळू बोला, बाई," मी म्हणायचो. कांडीने ऐकलं तर?

परवा मिलमध्ये लाइन गेली म्हणून दुपारीच परतलो. भाऊ माझ्या कुंडीपाशी बसलेले. हातात माझी कांडी, आणि तिच्या बुडाला पांढऱ्या मुळ्यांची लांब दाढी. ती त्यांनी न्हाणीमागे नेऊन एका डब्यात लावली. तिथे तशाच तीन जास्वंदी आधीच उभ्या होत्या, एकीला कळीसुद्धा. मग परत येऊन त्यांनी माझ्या कुंडीत नवी कांडी खोचली आणि ती जुनीसारखी दिसावी म्हणून तिचं एक पान अर्धं फाडलं.

तेवढ्यात मी दिसलो.

"कायले आला एवढ्या लवकर?"

"लाइन गेली, भाऊ."

ते अंगठ्याने माती दाबत राहिले.

"हे कांडी बी वाळली होती रे."

त्यांच्या नखात एक ओली मुळी अडकली होती.

"ऊन फार आहे यंदा," मी म्हणालो, आणि नव्या कांडीसाठी तांब्याभर पाणी आणलं.

"थोडंच टाक," भाऊ वर न बघता म्हणाले. "घाई नाही."