मुंग्यांचे दामूमास्तर

आमच्या चौल गावात कुणाकडे मुंग्या झाल्या, की बायका आधी दार लावून घ्यायच्या. मुंग्यांसाठी नव्हे, दामूमास्तरांसाठी. शाळेत विज्ञान शिकवणारे हे आमचे शेजारी. बायको जाऊन बरीच वर्षं झालेली, घरात एकटेच. मुंग्यांची रांग दिसली रे दिसली, की धोतर सावरून तिच्यापुढे उकिडवे बसत. "हळद टाकू नका! त्या कशाला आल्यात ते आधी बघा." एकदा तर सत्यनारायणाच्या पूजेत भटजींना थांबवून ते थेट चौरंगाखाली शिरले होते.

दुसरा नाद म्हणजे, काहीही शिकवताना म्हणायचं, "हे तुला आधीच ठाऊक आहे!"

मी तेव्हा मुंबईला डॉक्टरकी शिकत होतो. शरीरातल्या रसायनांच्या विषयानं माझी पार दाणादाण उडवली होती. दोनदा नापास झालो आणि सुट्टीत घरी आलो तो परत न जाण्याच्या बेतानंच. पुस्तक माळ्यावर फेकलं. मास्तरांनी ते खाली काढलं आणि माझ्या तोंडात तांदळाच्या भाकरीचा तुकडा कोंबला.

"चाव. गिळू नकोस!"

मी चावत राहिलो. आई म्हणाली, "दाढ दुखते का रे?"

"कशी लागते?" मास्तरांनी विचारलं.

"गोड लागायला लागली."

"लाळेनं पिठाची साखर होते. हे तुला आधीच ठाऊक आहे! लहानपणापासून खातोयस की."

मग विरजण झालं. सकाळी गोड असलेली माडी दुपारी का आंबते, हेही झालं. तो धडा मात्र आम्ही आईला कळू दिला नाही. पुस्तक हळूहळू ओळखीचं वाटू लागलं, पण परत जायचा धीर काही होईना.

सुट्टी संपत आली आणि मासे विकणारी हिराबाई धापा टाकत मास्तरांच्या अंगणात आली.

"मास्तर, आमचा धनी मुततो तिथं मुंग्या लागल्यान. हलद न्हाय टाकली मी. आधी तुमाला सांगाया आले."

"आणखी काय दिसतं?"

"पानी पितो नुसता. अंगात काय उरला न्हाय."

मास्तरांनी माझ्याकडे पाहिलं. त्यांचं नेहमीचं वाक्य ते बोलले नाहीत. सुपारीवर फवारायचा मोरचूद वाडीत होता, कॉस्टिक सोडा शाळेतून आणला. दोन्हींच्या निळ्या पाण्यात हिराबाईच्या नवऱ्याची लघवी घालून मी ते नळीत उकळलं. निळा रंग बघता बघता विटकरी झाला. लघवीत साखर होती.

"वाचेल?" मास्तरांनी विचारलं.

"मुंबईत आता मधुमेहाचं इंजेक्शन मिळतं. रोज टोचावं लागेल, पण वाचेल."

ते पायरीवर बसले. "तुझी काकू होती तेव्हा आमच्या मोरीपाशी अशाच मुंग्या लागायच्या रे. तीही अशीच पाणी प्यायची. तेव्हा हे इंजेक्शन नव्हतं, पण मला कळायला तरी हवं होतं. विज्ञानाचा मास्तर मी! दोन महिने नुसती हळद टाकत राहिलो."

मला फार वाईट वाटलं. मी त्यांचा हात धरून बसलो. जरा वेळानं त्यांनी उपरण्यानं डोळे पुसले.

"ऊठ. उद्याच्या आगबोटीनं त्याला घेऊन जा. आणि तिकडेच राहा. पुस्तक भरलंस ना ट्रंकेत?"

"मास्तर," मी म्हटलं, "हे तुम्हाला आधीच ठाऊक आहे."