राष्ट्राध्यक्षांच्या नवऱ्याचा उजवा हात

लोक स्वतःच्या पायावर कुऱ्हाड मारून घेतात. मी ती हातावर मारून घेतली, आणि तीही अशा दिवशी की ज्या दिवशी तो हात माझा नव्हताच, देशाचा होता.

झालं असं की सहा डिसेंबरला सकाळी मी चार लाकडं फोडायचं ठरवलं. फार नाही, चारच. फिनलंडात कुठल्याही माणसाला हे सांगितलं तर तो ‘बरं’ म्हणेल आणि पुढचं विचारणारही नाही. सौना, म्हणजे आमची वाफेच्या आंघोळीची खोली, तापवायची तर लाकडं हवीत, आणि दुसऱ्यानं फोडलेल्या लाकडाची ऊब अंगी लागत नाही असं माझे वडील म्हणायचे. (ते इतरही पुष्कळ म्हणायचे, पण त्यांच्या बोलण्यातलं हे एकच माझ्या लक्षात राहिलं.)

अडचण एवढीच की माझी बायको सिर्का गेल्या मार्चपासून या देशाची राष्ट्राध्यक्ष आहे, आणि सहा डिसेंबर म्हणजे आमचा स्वातंत्र्यदिन. त्या संध्याकाळी राजवाड्यात एकोणीसशे पाहुणे येतात. राष्ट्राध्यक्ष आणि तिचा जोडीदार शेजारीशेजारी उभे राहून एकोणीसशेच्या एकोणीसशे जणांशी हात मिळवतात, आणि उरलेला देश घरात कोचावर बसून ते टीव्हीवर पाहतो. कोणाचा झगा कसा होता यावर मग नाताळपर्यंत चर्चा चालते.

राष्ट्राध्यक्षाच्या बायकोला काय म्हणायचं हे जगात सगळ्यांना ठाऊक असतं. नवऱ्याला काय म्हणायचं, इथं घोडं अडतं. राजशिष्टाचार खात्याच्या लिंडरूसनं माझ्यासाठी जगभरातल्या पदव्यांची एक जाडजूड फाईल तयार केली होती. कुठं ‘प्रथम गृहस्थ’ म्हणतात. कुठं जोडीदाराला स्वतःचं कार्यालय, सचिव आणि दोन मोटारी मिळतात. एका देशात तर टपालाच्या तिकिटावर फोटो छापतात. मी आशेनं शेवटचं पान उघडलं, तर तिथं आमच्या देशाबद्दल लिहिलं होतं: पदवी नाही, कामाची व्याख्या नाही. लिंडरूसनं चष्मा पुसत समजावलं की प्रथेनं एक काम मात्र माझ्याकडे येतं, हात मिळवण्याचं. नुसता उजवा हात आणायचा, बाकीचं आम्ही बघतो, असं तो म्हणाला.

मी एकतीस वर्षं शाळेत सुतारकाम शिकवलं. मुलांच्या हातून पक्ष्यांची घरटी, पाट आणि एक होडी करून घेतली. (होडी बुडाली, पण सरळ बुडाली.) आता सरकारी निवासस्थानात दिवा गेला तर मी खुर्चीवर चढायच्या आत शिडी घेऊन माणूस हजर. सौनाची लाकडंसुद्धा प्लास्टिकमध्ये बांधून येतात, सगळी एकाच मापाची. खोटं कशाला बोलू, गेल्या नऊ महिन्यांत मला फार निरुपयोगी वाटत होतं. म्हणून त्या सकाळी दारामागं एक आख्खा बर्चचा ओंडका दिसला तेव्हा, भुकेल्याला ताट दिसावं तसं मला झालं.

पहिली तीन लाकडं झकास फुटली. चौथ्यात गाठ होती. कुऱ्हाड अडकली, ती निघेना, म्हणून मी कुऱ्हाडीसकट ओंडका उचलून उलटा आपटला. पुढचं नीट आठवत नाही. दांडा फिरला, माझी मूठ दगडी कठड्यावर बसली, आणि करंगळीच्या खालची बाजू बघता बघता टम्म फुगली.

आता कोणीही शहाणा माणूस सरळ बायकोकडे गेला असता. मीही गेलो. पण सिर्का आरशासमोर उभी राहून भाषण म्हणत होती, आणि मी तोंड उघडायच्या आत तीच वळून म्हणाली, "ओइवा, प्रचारात मी तुझ्याकडे काही मागितलं नाही. आजचा दिवस मात्र नीट पार पाड. माझी पहिलीच वेळ आहे रे."

तिचा आवाज जरासा कापला. बत्तीस वर्षांच्या संसारात मी तिला कापऱ्या आवाजात बोलताना दोनदाच ऐकलं आहे, आणि एकदा तर ती गोठलेल्या तळ्यातल्या बर्फाच्या भोकात पोहून आली होती. मी उजवा हात पाठीमागं घेतला आणि म्हणालो, काळजी करू नकोस.

संध्याकाळी शेपटीवाला कोट चढवून मी तिच्या डाव्या बाजूला उभा राहिलो. दोन गोळ्या पोटात होत्या आणि तिसरी खिशात. पाहुणा आधी तिच्याशी हात मिळवणार, मग माझ्याशी, मग पुढं खाण्याच्या टेबलाकडे. लिंडरूसनं आठवडाभर माझी तालीम घेतली होती: हात आपण आधी पुढं करायचा, पूर्ण द्यायचा, डोळ्यांत बघायचं आणि हलकेच माणसाला पुढं सरकवायचं. तीन सेकंदांत काम खल्लास.

प्रथेप्रमाणे सर्वांत आधी युद्ध पाहिलेली मंडळी आली. पहिल्या आजोबांनी माझा हात धरला तेव्हा डोळ्यांपुढं काजवे चमकले. दुसऱ्यांनी धरला तेव्हा मला माझ्या मृत आत्याचा चेहरा दिसला. अजून अठराशे अठ्ठ्याण्णव बाकी होते. तिसऱ्या एक आजी होत्या, शंभरीला टेकलेल्या, त्या काळातल्या नर्स. त्यांच्या वॉकरचं चाक गालिच्यात अडकलं, त्या पुढं झुकल्या, आणि मी त्यांना दोन्ही हातांनी कवेत धरलं.

लांबून ती मिठीच दिसली. टीव्हीवर तर हमखास. आजींना ती आवडली, त्यांनी माझ्या पाठीवर थोपटलं. आणि माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला की मिठीत हात दाबला जात नाही.

चौथ्या पाहुण्याला मी मिठी मारली.

इथं आमच्या लोकांबद्दल एक सांगायला हवं. बसथांब्यावर आम्ही दोन दोन मीटर अंतर सोडून उभे राहतो, आणि पाऊस आला तरी छताखाली एकच जण जातो, बाकीचे त्याला जागा देतात. शेजारी जिन्यात आहे असं कळलं तर आम्ही दाराआड थांबतो. पण त्याच वेळी आमच्याइतका शिस्तीचा माणूस दुसरा नाही. रांगेत पुढचा जे करतो ते नियम समजून मागचा करतो. का, असं विचारत नाही, कारण विचारायला बोलावं लागतं.

राजवाड्याच्या जिन्यात रांगेतल्या लोकांसाठी टीव्ही लावले होते. तिथून खाली कुजबुज पसरत गेली की यंदा मिठी आहे.

मग जे सुरू झालं ते मी मरेपर्यंत विसरणार नाही. एका बँकेचे प्रमुख डोळे घट्ट मिटून, पोहायला उडी मारावी तसे माझ्या अंगावर आले. एका प्राध्यापकबाईंनी आधी विचारून घेतलं की किती वेळ धरायचं असतं. एक जनरल फळीसारखे ताठ उभे राहिले, मिठी होऊ दिली आणि माझ्या कानात म्हणाले, "साहेब, ही सूचना पत्रकात नव्हती." लापलंडच्या जंगलखात्यातला एक दांडगा माणूस मात्र मला सोडेचना. शेवटी डोळे पुसत म्हणाला की एकोणीसशे चौऱ्याऐंशीनंतर पहिल्यांदाच. मला खरंच गलबलून आलं.

सिर्का दोन पाहुण्यांच्या मध्ये, ओठ न हलवता म्हणाली, "ओइवा, हे काय चाललंय?"

"ऊबदारपणा," मी म्हणालो.

"मागं बघ."

मी बघितलं. हात मिळवायला तीन सेकंद लागायचे, मिठीला बारा लागत होते. रांग जिना उतरून, दार ओलांडून बर्फात गेली होती. आणि तिच्या शेपटाकडची माणसं गुपचूप कोटांच्या खोलीकडे वळत होती. (एका मंत्र्यानं मफलर तोंडावरून घेतला होता, पण त्याचं नाक सगळ्या देशाला माहीत आहे.) खांबाआड उभा राहिलेला लिंडरूस पांढराफटक पडला होता.

एवढ्यावर भागलं असतं तरी चाललं असतं. पण मग दक्षिणेकडच्या एका देशाचे राजदूत आले. हे गृहस्थ आमच्याकडे चार वर्षं होते आणि त्या चार वर्षांत त्यांना कोणी स्पर्श केला नव्हता. मी हात पसरल्याबरोबर त्यांचा चेहरा उजळला. ‘अखेर’ असं म्हणून त्यांनी माझ्या गालांचे तीन मुके घेतले, डावा, उजवा, डावा. त्यांच्या मागं बटाट्याच्या शेतकरी संघाचे अध्यक्ष होते. त्यांनी ते नीट पाहून ठेवलं, एक आवंढा गिळला, आणि मिशांसकट पुढं झाले.

पुढच्या बावीस जणांनी मुके घेतले. टीव्हीवरचा निवेदक म्हणे सांगत होता की नव्या राष्ट्राध्यक्षांना देशात आपुलकीचं वातावरण आणायचं आहे. सिर्काच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. तिचं भाषण, तिचा पहिला स्वातंत्र्यदिन, सगळं मी एका करंगळीपायी वाहून नेत होतो, आणि मला ते कळत होतं. पण थांबायचं तर हात द्यावा लागणार होता. आणि हात आता कोपरापर्यंत ठणकत होता.

तेवढ्यात रांगेत सासूबाई दिसल्या. हेल्वी वाउहकोनेन, वय चौऱ्याऐंशी, मुक्काम किउरुवेसी. सत्तर वर्षं त्यांनी गायींची धार काढली आहे आणि अजून पाच गायी ठेवल्या आहेत. काळा झगा, गळ्यात एकच मोती. लेकीशी हात मिळवून त्या माझ्यासमोर आल्या. मी हात पसरले.

त्या जागच्या हलल्या नाहीत. "लग्नात मारली नाही मी तुला मिठी," त्या म्हणाल्या, "आता काय मारायची? हात दे."

"सासूबाई, यंदा जरा वेगळं…"

"हात दे, ओइवा."

कॅमेरे समोर होते, देश कोचावर होता. मी हात दिला. सत्तर वर्षांची धार एका मुठीत येते म्हणजे काय, ते मला त्या क्षणी कळलं. मी जो ओरडलो, तो आवाज ऐकून खाली वाद्यवृंद थांबला. (बाहेर पहारेकऱ्यानं बंदूक खांद्यावरून काढली, असं नंतर सांगतात, पण लोक वाढवून बोलतात.)

शेजारच्या खोलीत राजवाड्याच्या डॉक्टरीणबाईंनी हात तपासला आणि हाड मोडल्याचं सांगितलं. एक चीर सकाळची, एक ताजी. सिर्का पाच मिनिटांसाठी आत आली. मी सगळं कबूल केलं, ओंडका, गाठ, कठडा. ती रागावेल असं वाटलं होतं, पण ती खुर्चीवर बसली.

"मला का नाही सांगितलंस?"

"एकच काम दिलं होतंस," मी म्हणालो. "तेही जमलं नाही असं कसं सांगू?"

तिनं माझा डावा हात घट्ट धरून ठेवला, आणि मला फार लाज वाटली आणि फार बरंही वाटलं. मग मी दचकून विचारलं की बाहेर रांगेत माझ्या जागी कोण आहे.

"आई," सिर्का म्हणाली.

मी दार किलकिलं करून पाहिलं. सासूबाई गालिच्यावर पाय रोवून उभ्या होत्या. पाहुणा आला की मूठ आवळायची, एकदा खाली ओढायचं, पुढं ढकलायचं. दोन सेकंद. जनरल, मंत्री, खासदार एका लयीत पुढं सरकत होते, आणि प्रत्येकाच्या चेहऱ्यावर सुटकेचा आनंद होता. कोटांच्या खोलीतून माणसं परत येत होती. मफलरवाला मंत्रीही आला. उरलेले आठशे पाहुणे त्यांनी पाऊण तासात संपवले आणि शेवटी विचारलं, बस, एवढेच?

दुसऱ्या दिवशी पेपरांत झग्यांबद्दल अवाक्षर नव्हतं. पहिल्या पानावर सासूबाई होत्या. माझा फोटो नवव्या पानावर होता, तोंड उघडं असलेला.

गेल्या आठवड्यात माझं प्लास्टर निघालं. त्याच दुपारी लिंडरूसचा फोन आला. वसंत ऋतूत शेजारच्या देशाचे राजा-राणी येणार आहेत, स्वागताला दारात राष्ट्राध्यक्षांच्या शेजारी कोणीतरी भक्कम हवं, असं तो म्हणाला. मी सांगितलं की हात ठणठणीत आहे, मूठ वळते, कधीही बोलवा.

पलीकडून कागद उलटल्याचा आवाज आला.

"ऐकून आनंद झाला," लिंडरूस म्हणाला. "पण मला आपल्या सासूबाईंचा नंबर हवा होता."

मी नंबर दिला. त्यांचं पद काय ठरवलंत, असंही विचारलं. त्यावर तो म्हणाला की त्याचा विचारच करावा लागला नाही, त्या आल्या की लोक आपोआप उठून उभे राहतात. मग माझं काय, हे मला विचारवेना, पण लिंडरूस हा तयारीचा माणूस. त्यानं त्या दिवसासाठी माझंही काम लिहून ठेवलं होतं. पहाटे साडेपाचला किउरुवेसीला पोचायचं, कारण सासूबाई इकडे आल्यावर त्या पाच गायींची धार काढायला कोणीतरी लागेलच.