वायरीला जात नसती

भूम गावी आमच्या बोळात रोज सकाळी सातला जो माणूस शिडी लावून खांबावर चढतो, त्याला कुठल्याच कंपनीचा पगार नाही. आमचे शेजारी शिवप्पा, सगळ्यांचे अप्पा, वय सत्तरीच्या पुढं. आधी टेलिफोन कंपनीची वायर चाचपायची, मग केबलवाल्याची, आणि कुठं सोललेली दिसली की काळी टेप गुंडाळायची. घरात माणूस एक आणि इंटरनेटचे राउटर दोन, दोन्हींकडचे. बोळ हसतो. मीही हसायचो. विचारलं की अप्पांचं उत्तर ठरलेलं, "वायरीला जात नसती."

हे अप्पांनी म्हणावं म्हणजे कमालच. टेलिफोनमध्ये लाइनमन होते तेव्हा त्यांच्याएवढा कट्टर माणूस तालुक्यात नव्हता. आपल्या खांबावर परक्याची वायर म्हणजे आपल्या ताटात दुसऱ्याचा हात, असं म्हणायचे. केबलवाला वायर टाकून गेला की हे चहा पिऊन निवांत चढायचे आणि पकडीनं तोडून यायचे. निवृत्तीच्या भाषणात हाताखालच्यांना तोच उपदेश केला. टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या.

पुढं अप्पांच्या बायकोला, आमच्या काकूंना, लकवा झाला, वाचा गेली. एकुलती लेक सुरेखा मस्कतला नर्स. संध्याकाळी सहाला ती व्हिडिओवर दिसली तरच काकू जेवायच्या, नाहीतर तोंड मिटून घ्यायच्या. बोळात मोबाइलला रेंज नाही. त्या दिवसांत दोन्ही कंपन्यांच्या रिक्षा भोंगे लावून "पहिला महिना फुकट" ओरडत फिरायच्या. पण टेलिफोनवाले नुसता वायदा देत राहिले आणि केबलवाल्यानं एका दुपारीत इंटरनेट जोडून दिलं. अप्पांनी मान खाली घालून घेतलं. वायर अर्थातच टेलिफोनच्या खांबावरून आली.

श्रावणात काकूंना धाप लागली. सुरेखाला विमान दुसऱ्या दिवशीचं मिळालं, म्हणून तोवर ती पडद्यावरच आईसमोर बसून राहिली. मी तिथंच होतो. एकाएकी चित्र थांबलं. सुरेखाचं तोंड अर्धं उघडं राहिलं. काकू त्या थांबलेल्या तोंडाकडं बघत राहिल्या आणि तशाच गेल्या.

अप्पा तोवर बाहेर धावले होते. मी दारात आलो. खांबावर त्यांच्याच हाताखाली शिकलेला लाइनमन, हातात पक्कड. त्याला बिचाऱ्याला काय ठाऊक. वरूनच हसून म्हणाला, "अप्पा, परक्याची हुती. तोडली."

मला वाटलं, आता ते त्याला पाय धरून खाली ओढतील. अप्पा वळले. घरात आले आणि काकूंच्या उशाशी बसले.

परवा शिडी हलताना दिसली म्हणून मी धरायला गेलो. बरेच दिवस मनात होतं ते विचारलं, त्या लाइनमनची तक्रार का केली नाही. अप्पांनी दातानं टेप तोडली, जोडावर अंगठ्यानं नीट दाबली.

"तक्रार कशी करू? लई मन लावून शिकिवलं हुतं म्या त्याला."

मग ते उतरले. पुढच्या खांबापर्यंत शिडी मी नेली.