आईचा फोटो काढा

दाताच्या डॉक्टरांना सुट्टीच्या दिवशी बायकोचा फोन आला, तोही घाईतला.

"अहो, आईचा फोटो काढा आणि पाचच्या आत दादाला पाठवा. नाहीतर तिचं जाणं बोंबललंच समजा!"

फोन कट झाला आणि डॉक्टरांच्या अंगावर मूठभर मांस चढलं. सासूबाई परदेशी मुलाकडे राहायला जाणार, या आशेवर तर ते दिवस काढत होते. आणि आता जेवणाच्या टेबलासमोरचा त्यांचा तो भलामोठा फोटोही जाणार! लग्नापासून तो फोटो डॉक्टरांच्या प्रत्येक घासावर नजर ठेवून होता. माणूसच मुलाकडे चाललंय, तर फोटो इथे कशाला, हे त्यांना एकदम पटलं. शिवाय काढणं म्हणजे उपटणं, हा तर रोजचा धंदा.

स्टुलावर चढून त्यांनी फोटो आधी हलवून सैल केला, मग ओढला. खिळा मुळासकट बाहेर आला.

तेवढ्यात परत फोन. "काढला का?"

"काढला. अजिबात दुखलं नाही."

"फोटो काढताना काय दुखायचंय? मागची भिंत पांढरी आहे ना?"

डॉक्टरांनी भिंत पाहिली. "फोटोच्या मागची पांढरीच आहे. बाकी पिवळी पडलीय."

"चालेल. कान दोन्ही दिसतायत?"

सासूबाई फोटोत जरा तिरक्या बसल्या होत्या. "एकच दिसतोय."

"मग कसला काढलात! आईला नीट समोर बसवा आणि परत काढा!"

बायकोपुढे अक्कल चालवायची नाही, हे डॉक्टर अनुभवाने शिकले होते. त्यांनी आतल्या खोलीतून सासूबाईंना उठवून आणलं, समोर खुर्चीत बसवलं आणि हातोडीने नवा खिळा ठोकायला घेतला.

"अगंबाई! माझा फोटो लावताय?" सासूबाई सुखावल्या.

"हो. लगेच काढणार आहे."

"म्हणजे?"

"तुमच्यासमोरच काढायला सांगितलंय हिने."

त्यांनी फोटो टांगला, सासूबाईंकडे एकदा बघून घेतलं आणि उपटला. सासूबाई चकार शब्द बोलल्या नाहीत. फोटो खोक्यात भरून कुरिअरवाल्याच्या हवाली झाला, तेव्हाही नाही.

संध्याकाळी बायको दारातूनच ओरडत आली. "दादाला फोटो मिळालाच नाही! पाठवलात ना?"

"पाठवला की. विमानाने. काच आहे, जपून न्या, असंही सांगितलंय."

"काच?" बायकोने भिंतीकडे पाहिलं. तिथे दोन खड्डे होते. "अहो, मोबाइलवर काढायचा होता! व्हिसाच्या अर्जाला लावायला! गेली मुदत. आता वर्षभर आई कुठ्ठे जात नाही!"

डॉक्टरांचं तोंड भूल दिल्यासारखं बधिर झालं. "मला वाटलं, काढायचा म्हणजे..."

"तुमच्यासमोर कुणी नुसते दात काढले, तरी तुम्ही पक्कड शोधाल!"

"ओरडू नकोस गं त्यांच्यावर," सासूबाई म्हणाल्या.

दोघंही त्यांच्याकडे वळले.

"मला तो फोटो कधीच आवडला नाही. जेवायला बसलं की समोर मीच, डोळे वटारून. घास उतरायचा नाही. तुला वाईट वाटेल म्हणून गप्प बसले. मुलाकडे जायचं तरी का ठरवलं होतं? तेवढ्यासाठीच. जावईबापूंनी न सांगता ओळखलं हो! आता वर्षभर कशाला, कायमचीच राहते मी इथे."

रात्री जेवताना त्यांनी आपली खुर्ची नेमकी त्याच भिंतीला टेकून मांडली. डॉक्टरांनी पहिला घास उचलला आणि त्यांना त्या फोटोची किंमत कळली. फोटो नुसता बघत असायचा.

"एवढा मोठा घास नका घेऊ, जावईबापू," सासूबाई मायेने म्हणाल्या. "आणि नीट चावून खा. दातांकडे लक्ष द्यावं माणसानं."